माइक बदलण्याआधी खोली ऐका

एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ३३, पूर्ण वेळ नोकरी, घरी नवरा आणि चार वर्षांची मुलगी. कॉलेजात असताना त्या गिटार वाजवायच्या, गायच्या. मध्ये बरीच वर्षं सगळं बंद होतं. दोन वर्षांपूर्वी पुन्हा गिटार हातात घेतली आणि तेव्हापासून स्वतःची सात गाणी त्यांनी रचली. मुलगी झोपल्यावर, रात्री साडेदहानंतर, बेडरूममध्ये टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलेल्या फोनवर त्या ती रेकॉर्ड करतात. पण ऐकताना ‘पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गायल्यासारखं’ वाटतं म्हणून अजून कोणाला ऐकवलेली नाहीत.

घरीच छोटा स्टुडिओ करायचा म्हणून त्यांनी १४ वस्तूंची यादी केली आहे. मोठ्या डायफ्रॅमचा (आवाज झेलणाऱ्या पडद्याचा) संवेदनशील कंडेन्सर माइक, माइक संगणकाला जोडणारा आठ इनपुटचा इंटरफेस, रेकॉर्डिंग तपासून ऐकायच्या मॉनिटर स्पीकरची जोडी, संगणकाला जोडायचा ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, भिंतीला लावायच्या फोमचे २४ तुकडे, शिवाय बरंच काही. दोन वर्षांची बचत त्यात जाईल. रेकॉर्डिंगच्या क्षेत्रातला एक मित्र म्हणतो, ‘एकदाच चांगलं घे, नाहीतर दोनदा घ्यावं लागेल.’ नवऱ्याचं म्हणणं, मोठ्या घरात जाऊ तेव्हा स्वतंत्र खोली करू, तोवर थांब. आणि त्यांच्या स्वतःच्या मनात तिसराच विचार येतो, की हे सगळं सोडून एखाद्या स्टुडिओत तासावर पैसे भरून गाणी करून घ्यावीत का? ‘कोणाचं ऐकू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा यादी वाचली, दुसऱ्यांदा यादीच्या आजूबाजूला तुम्ही सहज लिहून गेलात ते वाचलं. मला वाटतं उत्तर तिथेच आहे. ‘साडेदहानंतर’, ‘मुलगी झोपल्यावर’, ‘टेबलावर भिंतीला टेकवून’, ‘खोली ११ बाय १०’. हे चार तुकडे यादीतल्या १४ वस्तूंपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत.

कोणाचं ऐकू, याचं उत्तर देण्याआधी तुम्ही धरून चाललेली एक गोष्ट तपासायला हवी. रेकॉर्डिंग डब्यातल्यासारखं येतं, म्हणजे माइक वाईट आहे, म्हणजे चांगला माइक घेतला की आवाज चांगला येईल, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. हे इतकं साहजिक वाटतं की त्यावर शंका घ्यावी असं कोणालाच वाटत नाही. पण आजकालच्या साध्या फोनचा माइकसुद्धा तुमचा आवाज बऱ्यापैकी नीट टिपतो. तुम्हाला जो डबा ऐकू येतोय तो फोनचा नाही. तो खोलीचा आहे, आणि थोडासा रात्री साडेदहाचा आहे.

आधी खोलीचं बघू. तुम्ही टेबलापासून साधारण चार फुटांवर पलंगाच्या कडेला बसून गाता, असं पत्रात आहे. तुमचा आवाज फोनपर्यंत सरळ पोचतो. तोच आवाज समोरच्या भिंतीवर, छतावर, कपाटाच्या दारावर, खिडकीच्या काचेवर आदळून थोडा थोडा उशिरा पुन्हा पोचतो. समजा, सरळ आवाजापेक्षा दोन फूट जास्त चालून एक परावर्तन फोनपर्यंत आलं. ते मूळ आवाजापेक्षा पावणेदोन मिलिसेकंद मागे असतं. एवढा वेळ कानाला प्रतिध्वनी म्हणून कळतच नाही. पण मूळ आवाज आणि त्याची ही मागे पडलेली सावली एकमेकांत मिसळली की २८० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला २८० कंपनांच्या) आसपासचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो, ५६०च्या आसपासचा फुगतो, ८४०ला पुन्हा खड्डा पडतो. बाईच्या आवाजाचा गाभा नेमका याच टापूत असतो. अशी चार-सहा परावर्तनं एकत्र आली की जे ऐकू येतं त्याला तुम्ही अगदी अचूक शब्द वापरलात. डबा.

मग गाताना हे का जाणवत नाही? कारण खोलीत बसलेल्या माणसाला दोन कान असतात, आणि मेंदू आधी आलेल्या आवाजाला महत्त्व देऊन लगेच मागून येणारी परावर्तनं त्यातच जिरवून टाकतो. माइकला ही निवड करता येत नाही. तो सगळं सारख्याच इमानदारीने लिहून घेतो. उद्या तुम्ही तुमच्या यादीतला महागडा कंडेन्सर त्याच टेबलावर, त्याच चार फुटांवर ठेवलात, तर तो तुमची खोली आणखी बारकाईने टिपेल.

माझ्यावर विश्वास ठेवून हे मान्य करू नका, करून बघा. एक पैसाही खर्च न करता. या आठवड्यात तुमच्या गाण्यातलं एकच कडवं तीन ठिकाणी रेकॉर्ड करा. फोन तोच, गाणं तेच, पट्टी तीच. पहिल्यांदा नेहमीच्या जागी, चार फुटांवरून. दुसऱ्यांदा नेहमीच्याच जागी, पण फोन तोंडापासून एक वीत अंतरावर, तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’चे श्वास त्यावर आपटणार नाहीत. तिसऱ्यांदा कपड्यांचं कपाट सताड उघडा, त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहा, पाठीमागे दाराला किंवा दोन खुर्च्यांवर जाड रजई टांगा आणि पुन्हा वीतभर अंतरावरून गा. फोनच्या रेकॉर्डरमध्ये गोंगाट कमी करण्याची किंवा आवाजाची पातळी आपोआप सांभाळण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. पंखाही बंद. तिन्ही तुकडे लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडफोन लावून एकापाठोपाठ ऐका.

दुसऱ्या तुकड्यातच फरक कळेल. चार फुटांवरून एका वितीवर आलं की तुमचा सरळ आवाज माइकपाशी सुमारे १५ डेसिबलनी वाढतो, आणि खोलीतून घुमून येणारा आवाज जवळजवळ आहे तेवढाच राहतो. तिसऱ्यात डबा बहुतेक नाहीसा झालेला असेल. कपाटातले लटकलेले कपडे हे घरोघरी असलेलं उत्तम शोषक आहे: जाड, मऊ, ओबडधोबड आणि फूट-दीड फूट खोल. व्यावसायिक स्टुडिओत भिंतीत जे बसवतात त्याच्या मागचं तत्त्व हेच.

आता फोमच्या २४ तुकड्यांबद्दल. ते घेऊ नका. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतो, म्हणजे ‘स’, ‘श’, तारांचा खणखणाट. खालचा आवाज त्याला जुमानत नाही, कारण आवाज जितका खालचा तितकी त्याची लांबी मोठी. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. दोन-तीन सेंटिमीटरचा फोम तिला काय अडवणार? वरचा आवाज गेला आणि खालचा राहिला की खोली आधीपेक्षा कोंदट वाटते. तुमच्या खोलीची लांबी-रुंदी ११ आणि १० फूट आहे, म्हणजे ५१ आणि ५६ हर्ट्झवर आणि त्यांच्या पटीत ती स्वतःच घुमते. ५६ची दुप्पट ११२. गिटारची पाचवी तार ११०वर मिळवलेली असते. खोलीत बसायच्या जागेप्रमाणे तीच एक तार कधी उगाच मोठी, कधी गायब झाल्यासारखी वाटत असेल तर हात दुखेपर्यंत रियाज करून ते जाणार नाही. खुर्ची दोन फूट सरकवून बघा.

खोलीवर काही करायचंच असेल तर लाकडी चौकटीत दगडी लोकर (रॉकवूल) किंवा काचलोकर (ग्लासवूल) भरून, वर कापड ताणून केलेले दहा सेंटिमीटर जाडीचे फलक करून घ्या. चार पुरे. भिंतीपासून चार बोटं पुढे टांगा, दोन बसायच्या जागेच्या बाजूंना, दोन कोपऱ्यांत. अंड्यांचे पुठ्ठे लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यांनी काही होत नाही आणि पेट घेण्याची भीती वेगळी.

आणखी एक गैरसमज, जो तुमच्या पत्रात थेट नाही पण त्या २४ तुकड्यांमागे मला दिसला. शोषणं आणि अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोम काय, रजई काय, खोलीच्या आतलं घुमणं कमी करतात. तुमचा आवाज मुलीच्या खोलीत जाण्यापासून ते थांबवत नाहीत. ते थांबवायला वजन लागतं आणि हवाबंदपणा लागतो: जाड भिंत, भरीव दार, दाराखालची फट बुजवणारी रबराची पट्टी. फट एवढीशी दिसते, पण हवा जिथून जाते तिथून आवाज जातोच. भिंती तुम्ही बदलू शकणार नाही, दाराची पट्टी आजच लावता येईल.

आता रात्री साडेदहाकडे येते. मुलीला जाग येईल या धाकाने तुम्ही दबक्या आवाजात गात असणार. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण चार वर्षांचं मूल पलीकडे झोपलेलं असताना कोणती आई मोकळ्या गळ्याने गाईल? दबका आवाज म्हणजे नुसता कमी आवाज नव्हे. छातीतला भरणा जातो, श्वास अर्धवट घेतला जातो, स्वर टेकत नाही, शब्दांचे शेवट गिळले जातात. त्यात फोन आपणहून पातळी वाढवतो आणि त्याबरोबर खोलीही वर येते. तुमच्या यादीतली एकही वस्तू हे दुरुस्त करू शकत नाही. मोकळ्या गळ्याने गायला तुम्हाला वेळ हवाय, तोही उजेडातला.

म्हणून नवऱ्याच्या म्हणण्याकडे मी थोडं वेगळ्या नजरेने बघते. ‘थांब’ म्हणताना ते तुमच्या गाण्याला नाही म्हणत नाहीयेत. बचतीची काळजी असेल, किंवा बेडरूममध्ये तारांचं जंजाळ होईल ही भीती असेल, आणि दोन्ही रास्त आहेत. पण स्वतंत्र खोली हा उपाय नाही. रिकामी, नवी, टाइल्सची, उघड्या भिंतींची खोली आवाजासाठी सगळ्यात वाईट. गादी, उशा, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली तुमची बेडरूमच बरी. त्यांच्याकडे खोली मागू नका. आठवड्यातून दोनदा दीड तास मागा. शनिवारी आणि रविवारी सकाळी ते मुलीला घेऊन बाहेर जातील, आणि त्या वेळात दाराची बेल वाजली तरी तुम्ही उठणार नाही. मला विचाराल तर तुमच्या स्टुडिओची ही पहिली खरेदी. तो दीड तास ठरला नाही तर बाकीचं सामान पलंगाखाली जाईल, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

मित्राचा सल्ला चुकीचा नाही, पण तो त्याच्या कामाचा सल्ला आहे. तो ड्रम रेकॉर्ड करतो असं तुम्ही लिहिलंय. ड्रमला एका वेळी पुष्कळदा आठ माइक लावतात, म्हणून त्याला आठ इनपुट लागतात. तुम्ही एकट्या, एक गळा आणि एक गिटार. दोन इनपुट पुरतात, आणि गिटार व गळा वेगवेगळे रेकॉर्ड केलेत तर एकही पुरतो. ‘दोनदा घ्यावं लागेल’ ही भीती मात्र प्रत्येक वस्तूपाशी थांबून तपासा. काही वस्तू खरंच एकदाच घ्याव्यात. माइकचं स्टँड भक्कम घ्या. हलकं स्टँड एक दिवस माइकसकट कलंडतं. हेडफोन चांगला घ्या. केबल चांगली घ्या. या तिन्ही गोष्टी पुढे कितीही मोठा स्टुडिओ झाला तरी कामाला येतात.

माइकच्या बाबतीत मी वेगळ्या मताची आहे. माझा स्वतःचा पहिला माइक मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर होता. पहिल्या रात्रीचं रेकॉर्डिंग हेडफोनवर लावलं तेव्हा गाण्याच्या आधीच्या शांततेत शेजारच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग लिफ्टचं गुणगुणणं. मग माझ्याच खुर्चीचं करकरणं. तो माइक खराब नव्हता, तो माझ्या खोलीपेक्षा आणि माझ्या समजेपेक्षा पुढचा होता. पुढचं वर्षभर मी डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील प्रकारच्या माइकवर काम केलं आणि त्या वर्षात खूप शिकले.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती सगळीकडे अर्धवट सांगितली जाते. डायनॅमिक माइकला खोली ऐकू येत नाही असं काही नाही. समान अंतरावर, समान पातळीला, आणि दोन्ही माइक समोरचंच जास्त ऐकणारे असतील तर दोघांनाही खोली बरीचशी सारखीच ऐकू येते. फरक असा की डायनॅमिकची संवेदनशीलता कमी, म्हणून तुम्ही आपोआप त्याच्या जवळ जाता. चार बोटांवर जाता, आणि जवळ जाण्यामुळे खोली मागे पडते. जवळ गेल्याने खालचा आवाज थोडा फुगतो, तेवढं लक्षात ठेवायचं. कोणता घ्यायचा म्हणाल, तर शुअर कंपनीचा एसएम५७ हा १९६५पासून आणि एसएम५८ हा १९६६पासून बनतो आहे, आणि दोन्ही अजून स्टुडिओत आणि रंगमंचावर रोज वापरले जातात. असा माइक ‘दोनदा’ घ्यावा लागत नाही. पुढे कंडेन्सर आला तरी हा घरात राहतो.

गिटारसाठी मात्र कंडेन्सर सरस आहे, हे मान्य करायला हवं. तारेचा कोवळेपणा, बोटाची सरक डायनॅमिकमध्ये थोडी बोथट होते. म्हणून कंडेन्सर नंतर घ्या, दुसरा माइक म्हणून, खोली शांत करायला शिकल्यावर. आणि माइक कुठलाही असो, गिटारच्या भोकासमोर ठेवू नका, तिथे नुसता ढम्म आवाज साठलेला असतो. बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) समोर, वीत-सव्वा वीत अंतरावर, किंचित भोकाकडे वळवून ठेवा. मग एका कानात हेडफोन लावून माइक दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे सरकवत बघा. एके जागी लाकूड ऐकू येतं, दुसरीकडे नुसती तार. या दोन बोटांच्या सरकवण्याने जो फरक पडतो तो पुष्कळदा दुप्पट महागाचा माइक घेऊनही पडत नाही.

इंटरफेस घेताना तीनच गोष्टी बघा. कंडेन्सर पुढे घ्याल तेव्हा लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर आहे का. डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण आहे का, म्हणजे तुमचा आवाज संगणकातून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये ऐकू येतो. आणि डायनॅमिक माइकला पुरेल इतका गेन, म्हणजे आवाजाची वाढ, न खरखरता मिळतो का. बाकी आकडे जाहिरातीसाठी असतात. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा आणि ते विसरून जा. २४ बिटमध्ये जागा इतकी असते की आवाज लाल रेषेपर्यंत रेटायची गरज नाही. सगळ्यात जोरात गाता ती ओळ आधी गाऊन बघा आणि ती उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या पुढे जाणार नाही एवढाच गेन ठेवा. एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. गाताना स्वतःचा आवाज मागून आल्यासारखा वाटला तर सॉफ्टवेअरमधला बफर (संगणक एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो तो आकडा) १२८ करा, रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवायला, म्हणजे मिक्स करायला बसाल तेव्हा १०२४. संगणक तुम्ही म्हणता तो सहा वर्षांचा, आठ जीबी रॅमचा. गळा, गिटार आणि चार-सहा ट्रॅक तो आरामात पेलेल. नवीन घेऊ नका.

मॉनिटर स्पीकर आता नकोत. तुम्ही ते लावणार कधी? मुलगी झोपल्यावर लावता येणार नाहीत, आणि कच्च्या खोलीत लावलेत तर ११२ हर्ट्झला खोली जे करते त्यालाच तुम्ही तुमचा मिक्स समजाल. बंद पाठीचा एक चांगला हेडफोन घ्या, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक कानातून निसटून माइकमध्ये जाणार नाही. त्यावरच मिक्स करा, मग फोनच्या स्पीकरवर, गाडीत, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर ऐकून बघा. आवाज मात्र बेताचा ठेवा आणि दर पाऊण तासाने कान मोकळे करा. दमलेल्या कानाला सगळं मंद वाटतं, मग माणूस वरचा आवाज वाढवत जातो आणि सकाळी ते कर्कश लागतं.

मिडी कीबोर्ड यादीतून काढा. तुम्ही पियानो वाजवता असं पत्रात कुठेच नाही.

सॉफ्टवेअरला फार वेळ देऊ नका. मॅक असेल तर गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहेच. नसेल तर रीपर साठ दिवस पूर्णपणे वापरून बघता येतो, आणि जुन्या संगणकावर हलका चालतो. जे घ्याल ते वर्षभर सोडू नका. ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब ही आवाजावर काम करायची साधनं आतच असतात, वरून जोडायच्या फुकटच्या प्लगइनच्या मागे लागू नका. मी त्यात जितक्या संध्याकाळी घालवल्या तेवढ्यात एक गाणं झालं असतं.

तुमच्या १४ वस्तूंत एक वस्तू नाही, आणि ती मला सगळ्यात जास्त खटकली. दुसरी हार्ड डिस्क. माझी अकरा गाणी एका रात्रीत गेली. संगणक सकाळी सुरूच झाला नाही. दुकानात नेला, त्यांनी डिस्क गेल्याचं सांगितलं, आणि मी तिथल्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिले. त्यातल्या तीन गाण्यांच्या चाली मला आज आठवत नाहीत. एका ट्रॅकचा मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास हिशेब धरा. चार मिनिटांचं दहा ट्रॅकचं गाणं साडेतीनशे एमबीत बसतं. एवढ्याशा जागेसाठी कोणी गाणी गमावू नयेत. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर कुठेतरी, इंटरनेटवर ठेवलीत तरी चालेल. तुमच्या फोनमधली सात गाणी आज रात्रीच दुसरीकडे उतरवून ठेवा. हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम हेच करा.

राहिला तासावर पैसे भरायचा स्टुडिओ. तो तुम्ही शेवटी, जरा संकोचून लिहिला आहे, जणू ती हार असावी. मला तो चांगला मार्ग वाटतो, फक्त आज नाही. गाणं घडत असताना घड्याळ चालू नको. दुसरं कडवं बदलावंसं वाटलं, पट्टी अर्ध्या स्वराने खाली घ्यावीशी वाटली, तर त्याला घरचीच सकाळ हवी. पण एखादं गाणं घरी पुरतं ठरलं, रचना पक्की झाली, पाचदा गाऊन झालं, की तेवढं एक गाणं घेऊन स्टुडिओत जा. दोन तास पुरतील. माइक किती अंतरावर लावला, तुम्हाला कुठे उभं केलं, पाठीमागे काय होतं, हे बघून या. विचारलं की बहुतेक रेकॉर्डिस्ट आनंदाने सांगतात. घरी येऊन तेच करून बघा.

खरेदीचं म्हणाल तर आधी हेडफोन, मग दोन इनपुटचा इंटरफेस, डायनॅमिक माइक, भक्कम स्टँड, श्वासाचे धक्के अडवणारा पॉप फिल्टर, माइकसाठी एक एक्सएलआर केबल आणि बाहेरची डिस्क. इथे थांबा. बचतीतली बरीच रक्कम हातात राहील, ती राहू द्या. पुढची वस्तू तीन गाणी पूर्ण झाल्यावरच, आणि तीही तेव्हाच जेव्हा ‘अमुक गाण्यात अमुक ठिकाणी हे जमलं नाही’ असं एका वाक्यात लिहिता येईल. ‘आवाज चांगला यावा’ हे त्या वाक्यात बसत नाही. ‘तिसऱ्या गाण्यात बोटांनी वाजवलेला भाग बोथट येतो, माइक सरकवूनही’, हे बसतं. मग कंडेन्सर घ्या.

पहिल्या गाण्यासाठी स्वतःला फक्त चार ट्रॅक द्या. १९७९ साली टास्कम कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचं कॅसेटवर चालणारं यंत्र काढलं आणि घरात बसून एकावर एक आवाज चढवणं सामान्य माणसाच्या हातात आलं. त्यात चारच ट्रॅक होते. गिटार, गळा, एखादा जोड आवाज आणि एक जागा तुमच्या लहरीसाठी. चार ट्रॅक असले की कोणता आवाज हवाच आहे ते ठरवावं लागतं. साठ असले की तो निर्णय पुढे ढकलता येतो, आणि माझा अनुभव असा की तो मग पुढेच राहतो.

शनिवारी सकाळी घर रिकामं झालं की कपाट उघडा, रजई टांगा, पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका. पहिली दहा मिनिटं रेकॉर्ड न करता नुसतं गा, जेवढं मोठ्याने गाता येईल तेवढं. इतक्या महिन्यांच्या कुजबुजीनंतर तुमचा स्वतःचा आवाज तुम्हालाच थोडा परका वाटेल. मग बटण दाबा.

आणि सातातलं पहिलं कोणतं घेतलंत ते मला नक्की कळवा. पत्रात सगळ्या वस्तूंची नावं आहेत, गाण्यांची नावं लिहायची राहिली आहेत.